कोरड्या सिमेंटवर आडवी गाडी

दिवाळी अंकात अनुभव लिहिणारा माणूस निवृत्त असावा असा रिवाज आहे. मी तेहतीस वर्षांची आहे. निवृत्त व्हायला आधी कुणीतरी कायम करावं लागतं. मला अजून कुणी केलेलं नाही. तरी संपादकांनी कळवलं, "तुमच्या त्या गाड्यांच्या कामाबद्दल लिहा, गमतीदार आहे." काम असं: जपानहून आलेल्या गाड्यांचे कागद वाचायचे आणि त्यात काय लिहिलंय ते गिऱ्हाइकाला मराठीत सांगायचं. तेही छत्रपती संभाजीनगरात बसून, जिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि त्या दिवशी लोक ऑफिसात रजा टाकतात. यात गंमत कुठली ते मला कळलेलं नाही. पण लिहिते.

जपानी शिकले ती वाळूजमुळं. तिथल्या कारखान्यांत जपानी यंत्रं यायची, यंत्रांमागोमाग इंजिनिअर यायचे, आणि दोघांपैकी निदान एकाचं म्हणणं कामगारांपर्यंत पोचवायला माणूस लागायचा. संध्याकाळच्या क्लासला जाऊन मी ती भाषा शिकले आणि दुभाषी म्हणून लागले. दुभाष्याचा धर्म एकच: समोरचा बोलला तेवढंच बोलायचं. पदरचं घालायचं नाही, त्याचं गाळायचं नाही.

हा धर्म पाळताना पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. जपानी लोक कामावरून निघताना एकमेकांना जे म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ होतो 'तुम्ही दमलात'. भाव असतो 'चांगलं काम केलंत'. इंजिनिअरसाहेब दुपारी गेटवर ते म्हणाले. मी इमानदारीत सांगितलं, "साहेब म्हणतायत, तुम्ही दमलात." समोर उभे होते ते दुसऱ्या शिफ्टचे, बसमधनं आत्ता उतरलेले. त्यातला एक म्हणाला, "बाई, सायबाला सांगा, आजून दमलो नाय. दमायलाच आलोय." हे मी जपानीत नेलं. साहेबांनी कमरेत वाकून त्याला नमस्कार केला. दोघांचाही गैरसमज इतका चांगला होता की मी तो दुरुस्त केला नाही.

माझा दुसरा उद्योग या धर्माच्या बरोबर उलटा. कॉलेजपासून मी पाण्यासाठी भांडणाऱ्या एका छोट्या गटाची पत्रकं लिहिते. पत्रकाला एकच पान असतं. मथळा असा लागतो की चालत्या रिक्षातल्या माणसानं मान वळवून वाचावा. आत कुणीतरी दोषी लागतो, आणि तो वाचणारा नसावा एवढी काळजी घ्यायची असते. उद्गारचिन्हं किमान तीन. 'शहर वाढतंय, कुणाच्या पाण्यावर?' हा मथळा माझा. 'पैठण रोडनं जलवाहिनी धावते, चितेगावच्या बाया हापशावर का?' हाही माझाच. त्या दुष्काळी सालांत पैठणच्या धरणाचा तळ उघडा पडला होता आणि जालना रोडवर 'पोहण्याच्या तलावासह फ्लॅट' अशा पाट्या लागत होत्या. मला मथळे शोधावे लागत नव्हते, फक्त उतरवून घ्यावे लागत होते.

वाळूजचं कंत्राट संपल्यावर मी गाड्यांच्या कागदांकडं वळले. आता गाडीचा कागद म्हणजे काय ते सांगते. जपानात जुन्या गाड्यांचे मोठमोठे लिलाव होतात. लिलावाआधी एक तपासनीस गाडी बघतो आणि एका पानावर तिचा सगळा हिशेब मांडतो. पानावर गाडीचं चित्र असतं, उलगडून सपाट केलेलं. जिथं खोट असेल तिथं अक्षर. 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे पोचा काढून रंग दिलाय पण उन्हात तिरपं बघितलं तर पत्र्यावर लाट दिसते. अक्षरापुढं आकडा, आकडा वाढला की खोट मोठी. वरच्या कोपऱ्यात एकूण गुण. साडेचार म्हणजे उत्तम, साडेतीन म्हणजे चालेल. आणि गुणांच्या जागी 'आर' असेल तर गाडी ठोकलेली होती, दुरुस्त केलेली आहे. खाली तपासनिसाच्या हातची दोन-चार वाक्यं. 'सिगारेटचा वास.' 'ब्रेक लावताना डावीकडे ओढते.' 'मागच्या सीटवर कुत्र्याचे केस.' आरोप नाही, आरडाओरडा नाही. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा हेवा वाटायचा.

परदेशातून जुनी गाडी आणायचे आपल्याकडचे नियम कडक. तीन वर्षांहून जुनी आणता येत नाही, आणि जकात अशी की एक गाडी आपल्यासाठी घ्यावी आणि एक सरकारसाठी. त्यामुळं गिऱ्हाईक थोडं आणि हौशी. सिडकोतल्या दातांच्या एका डॉक्टरांना दोनच सीटची गाडी हवी होती आणि तिच्यात ते, बायको, दोन मुलं आणि सासूबाई बसल्या पाहिजेत अशी अट होती. मी म्हटलं, सासूबाईंना विचारलंत का? जालना रोडच्या एका बिल्डरनं कागद खालून-वरून न्याहाळला आणि विचारलं, "पहिला मालक कोण होता हो?"

"नाव लिहीत नाहीत."

"नाव नको. म्हणजे, कोणातला?"

"या कागदावर ओरखडे लिहितात, जात नाही," मी म्हटलं. गिऱ्हाईक गेलं. अशी माझी बरीच गेली आहेत.

ज्यांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात मी टेबल टाकलं होतं ते बाबूभाई मला समजावायचे, "मॅडम, कागज तुम बराबर पढते. पर पहले ये तो पूछो, गाडी किस वास्ते लेरे? वरात में घुमाने की गाडी अलग, घिसने की गाडी अलग." म्हणजे गाडी चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हे, कशासाठी चांगली, हा प्रश्न. सगळ्या धंद्याचं सार या माणसानं हातातलं तेल पुसता पुसता सांगितलं होतं. मी ते पाठही केलं होतं.

करमाडचा अजिंक्य आला तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारलं. "गाडी कशासाठी?"

"आडवी चालवायला."

"काय?"

"ड्रिफ्टिंग, ताई. नाद हाय."

वळणावर गाडी घसरू नये म्हणून इंजिनिअर लोक आयुष्य घालवतात. ड्रिफ्टिंगवाला ती मुद्दाम घसरवतो. मागची चाकं सुटतात, गाडीचं बूड बाहेर जातं, पुढची चाकं उलट्या अंगाला वळवायची आणि आडव्या झालेल्या गाडीला ॲक्सिलेटरवर तोलत अख्खं वळण पार करायचं. यासाठी ओढ मागच्या चाकांना असावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींना ती पुढच्या चाकांना असते. मागची दोन्ही चाकं जोडीनं फिरावीत अशी पक्की जुळणी लागते. गाडी हलकी लागते. आणि क्लच लागतोच, कारण क्लच दाबून झटक्यात सोडला की मागचं अंग सुटतं. हल्लीच्या ऑटोमॅटिक गाड्यांना क्लच नसतो. त्या कितीही देखण्या असोत, शिकणाऱ्याला या कामी जवळजवळ निरुपयोगी.

अजिंक्य सव्वीस वर्षांचा. घरची जमीन नव्या औद्योगिक वसाहतीत गेलेली, उरलेल्या रानात बारमाही विहीर, आणि विहिरीवर टँकर. त्याच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. शहर वाढत होतं, पाऊस पडत नव्हता, आबांचे टँकर वाढत होते. मी पत्रकात ज्यांना 'पाण्याचे व्यापारी!!!' म्हणायचे त्यातले हे एक. मी अजिंक्यला तसं तोंडावर सांगितलं.

"माहीताय," तो म्हणाला. "आमच्या ड्रायव्हरनं समद्यांना वाचून दाखवलं. आबा म्हणले, अक्षर झकास छापलंय."

माणूस असा वागला की भांडता येत नाही. मी काम घेतलं. तत्त्वाचा प्रश्न पुढच्या पत्रकावर ढकलला.

आबांनी पोराला अट घातली होती, आणि ती त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितली. गाडी एकदाच मिळणार. वर्षाच्या आत एका तरी स्पर्धेत नीट उभा राहिला तर नाद चालू. नाहीतर गाडी विकायची आणि टँकरवर ड्रायव्हर म्हणून बसायचं, कायमचं. "आबांना मानूसच पायजे टँकरला," तो म्हणाला. "गाडी चुकली की मी गेलो, ताई."

मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडं नियमात बसवून आणलेल्या दोन गाड्या होत्या. एकाच बनावटीच्या, दोन दारांच्या, ओढ मागच्या चाकांना. एक पांढरी: साडेचार गुण, आतून-बाहेरून आरशासारखी, ऑटोमॅटिक. दुसरी लाल: 'आर'. मागचा पत्रा बदललेला, डावं दार रंगवलेलं. पण गिअर हातानं टाकायचे, क्लच दणकट, मागची पक्की जुळणी बसवून तयार. तपासनिसानं खाली लिहिलं होतं, 'मागून धडक. चौकट सरळ. मालकाने मैदानासाठी तयार केलेली.' इतकं सरळ उत्तर मला कुठल्या कागदानं आजवर दिलं नव्हतं. आडव्या चालवायच्या गाडीला आज ना उद्या ठोकर बसणारच. ती जपानातच बसून गेली, हा तर फायदा.

दोन्ही कागदांचं मी मराठी केलं. प्रत्येकी एक पान. आणि पान दिसलं की माझा हात मथळ्याकडं जातो. लाल गाडीच्या पानावर मी जाड अक्षरात घातलं: 'ठोकलेली गाडी!!! लपवाछपवी नाही!' मला म्हणायचं होतं की हा कागद प्रामाणिक आहे. खाली पानभर समजावलं होतं की ड्रिफ्टिंगला हीच का घ्यावी. पांढरीच्या बाबतीत सांगण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून वर लिहिलं: 'एकही पोचा नाही!' दुभाषी म्हणून मी एक शब्द खोटा लिहिला नव्हता. फक्त तपासनिसानं ज्याला एक अक्षर दिलं होतं त्याला मी तीन उद्गारचिन्हं दिली.

दोन दिवसांनी अजिंक्यचा फोन. "ताई, आबांनी पांढरीला हो म्हटलं. आईनं ओवाळायची तयारी केलीय."

"अरे, पण तिला क्लच नाही!"

"सांगितलं की. म्हणले, बाईनं लिवलंय ठोकलेली म्हणून. शिकलेली बाई हाय, तू गप." मग म्हणाला, "सोमवारी मुंबईला सांगनार हायेत. बघा काय जमतंय का."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी करमाडला गेले. आबा विहिरीशेजारी लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. समोर टँकर भरत होता.

"या, पत्रकवाल्या ताई," आबा म्हणाले. "आमच्यावर लिवता आन् आमच्याकडंच येता. बसा. पानी घ्या. तुमाला फुकट."

"आबा, लाल गाडी घ्या."

"ठोकलेली?"

"ठोकलेली आहे, पण सरळ केलेली आहे."

"तुमीच लिवलं ना येवढं येवढं? वर तीन-तीन काड्या मारून?"

"खालीही लिहिलंय. खालचं वाचा ना."

"खालचं कोन वाचतंय?" आबा हसले. "तुमचं पत्रक बी मी वरचंच वाचतो. खालचं वाचलं आस्तं तर तुमाला हितं खुर्ची दिली आस्ती व्हय?"

मी क्लच समजावला. त्यांना तो पटेना. शहरातल्या समद्या मोठ्या लोकांच्या गाड्या बिनक्लचच्या असतात, मग आपल्याच पोराला लंगडं जनावर का, असा त्यांचा सवाल. मी म्हटलं, बोलून होणार नाही, दाखवते. आबांची जुनी जीप होती, मागच्या चाकांवर ओढणारी, क्लचवाली. शेजारी वसाहतीचे नवे सिमेंटचे रस्ते होते, चार गाड्या एकाला एक लागून जातील एवढे रुंद; दिव्यांचे खांब होते, गटारं होती, कारखाने अजून यायचे होते. एकेकाळी तिथं आबांची तूर असायची. अजिंक्यनं जीप वळणावर घातली, क्लच सोडला. जीप किंचाळली, दोनदा उडी मारली आणि बंद पडली. कोरडं सिमेंट सोडतच नव्हतं.

"झालं?" आबा म्हणाले.

तेव्हा मी म्हटलं, "आबा, थोडं पाणी लागेल. ओल्यावर लगेच कळेल."

हे वाक्य माझं. कुणी माझ्या तोंडी घातलं नाही.

आबांनी फोन लावला. रस्त्यानं चाललेला एक टँकर पाच मिनिटांत वळून आला. ड्रायव्हरनं मागचा कॉक उघडला. पांढरं सिमेंट काळं पडत गेलं, आणि मी हातानं खुणा करत होते: अजून थोडं, त्या वळणाकडं, हां, तिथं. मला वाद जिंकायचा होता. दहा वर्षं पाण्यावर लिहिणारी बाई मी. त्या घटकेला माझ्या डोक्यात पाणी नव्हतंच, क्लच होता.

अजिंक्यनं जीप पुन्हा घातली. क्लच दाबला, सोडला, आणि जीप मागून उलगडत गेली, आडवी झाली, आडवीच सरकली आणि वळण संपता संपता सरळ झाली. मग मी त्याला क्लचला पाय न लावता तेच करायला सांगितलं. जीप सरळ वळणाबाहेर गेली आणि गटाराच्या काठाशी थांबली.

आबा उभे राहिले होते. "आरं तिच्या! म्हंजी कासरा हाय त्यो. बैल उधळला तरी कासरा हातात पायजे." मग माझ्याकडं वळून, "आन् त्या पांढरीला कासराच नाय?"

"नाही."

"मग तिला दावणीलाच ऱ्हाऊ द्या. लाल घ्या."

मी जिंकले. अजिंक्य जीपमधून उतरून माझ्याकडं येत होता, तोंडभर हसत. तेवढ्यात वसाहतीच्या टोकाकडून चार बाया येताना दिसल्या, काखेला रिकामे हंडे. पुढं सुमनमावशी. पलीकडच्या वस्तीवर राहतात. पत्रकं वाटायला मी दोनदा त्यांच्याकडं गेले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला होता. टँकर वस्तीच्या वाटेवर आलेला त्यांना दिसला, मग वळलेला दिसला, म्हणून त्या त्याच्या मागं चालत आल्या होत्या.

"ताई, तू हितं?" मावशी म्हणाल्या. मग टँकरकडं बघून, "ह्यो आमचाच ना?"

ड्रायव्हर कॉक बंद करायला वळला. तो बंदच होता.

मावशींनी रस्त्याकडं बघितलं. पाणी वळणाच्या उताराला सगळं गटारात गेलं होतं, वर नुसती ओल राहिली होती. "रानात सांडलं आस्तं तर भुई तरी प्याली आस्ती," त्या म्हणाल्या. "ह्ये सिमिट पीत बी नाय गं."

आबा म्हणाले, "मावशे, दुसरा धाडतो की आत्ता."

"धाडा. त्यो कुनाचा आसंल?"

अशा प्रसंगांसाठी माझ्याकडं तयार मथळे होते. एकही उपयोगाचा नव्हता, कारण प्रत्येकात दुसराच कुणीतरी लागत होता. बायांनी टँकरमध्ये उरलेलं होतं तेवढ्यातून हंडे भरून घेतले आणि त्या गेल्या. मावशींनी जाताना मला डोक्याला हंडा लागू नये म्हणून बाजूला सरकायला सांगितलं, एवढंच.

लाल गाडी आली. आबांच्या घरच्यांनी तिला ओवाळलं, बदललेल्या पत्र्यावरही हळदीकुंकू लावलं. पहिल्या रविवारी अजिंक्य मला म्हणाला, "ताई, वल्ल्यावर नाय करनार. पाऊस पडंल तवा बघू."

मी मान हलवली. इथं माझी दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी. ड्रिफ्टिंग ओल्यावर शिकतात. ओल्यावर गाडी कमी वेगात सुटते, टायर टिकतात, हाताला तोल कळतो. नुसतं कोरड्यावर शिकलेला माणूस अर्धाच शिकतो. हे मला ठाऊक होतं, सल्ला देणं हे माझं काम होतं, आणि मी गप्प बसले. पाण्याचा विषय निघू नये एवढ्यासाठी. पत्रकांतून सगळ्या शहराला जाब विचारणारी मी, एका पोराला 'निदान पाऊस असेल तिथं जाऊन सराव कर' एवढं सांगायला कचरले.

तो कोरड्यावरच करत राहिला. सिमेंट टायर असं खायचं की रविवारची दहा मिनिटं झाली की मागचे दोन्ही टायर टकले. बाबूभाई गावातल्या गॅरेजांतून जुने टायर गोळा करून त्याला द्यायचे. "बच्चा अच्छा है," म्हणायचे, "पर टायर ऐसे खाता जैसे भेळ." पाऊस काही आला नाही. एकदा ढग आले तेव्हा तो गाडी घेऊन वसाहतीत जाऊन बसला होता. ढग जालन्याकडं निघून गेले. पण कोरड्यावर त्याचा हात बसला, चांगलाच बसला. त्याला गाडी आडवी धरताना बघितलं की मला त्या तपासनिसाला पत्र लिहावंसं वाटायचं.

वर्ष संपायच्या आत स्पर्धा लागली, पुण्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. आबा, अजिंक्य आणि मी गेलो. त्याचा नंबर दुपारी होता. दुपारी पाऊस आला.

बाकीची पोरं खूश झाली. ती तिकडचीच; ओल्यावरच शिकलेली. अजिंक्य मैदानाच्या कडेला उभा राहून पावसात हात धरून बघत होता. मला म्हणाला, "हितं कशाला पडतोय ह्यो?"

पहिल्याच वळणावर गाडी सुटली, दोन गिरक्या घेतल्या आणि आली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. आणखी एक संधी मिळाली. तेच झालं. गाडीला ओरखडासुद्धा नाही. वर्षभर ज्याची वाट बघितली त्यानंच घालवलं.

चहाच्या टपरीवरच्या ताडपत्रीखाली आबांनी मला समोर बसवलं. अजिंक्य बाजूला गाडी पुसत होता, पावसातच.

"ताई, आता खरं सांगा. मथळा नको. गाडी चुकली का पोरगं चुकलं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या तपासनिसासारखं बोलले. "गाडी ठीक. हात ठीक. ओल्यावर सराव नाही."

"का नाय? माज्याकडं काय टँकर कमी हायेत?"

मी तोंड उघडलं, पण अजिंक्यच बोलला. पाठ आमच्याकडंच होती. "टँकर होते. पानी वस्तीचं होतं."

आबांनी कप खाली ठेवला. "मला सांगायचं आस्तं."

"सांगितलं आस्तं तर तुमी धाडला आसता."

आबांनी चहाचे पैसे दिले. मग म्हणाले, "अट ती अट. उद्यापासनं टँकरवर. वस्तीची खेप तुजी." अजिंक्यचा पुसायचा हात थांबला. आबा उठले, धोतराचा सोगा झटकला आणि जाता जाता माझ्याकडं न बघता म्हणाले, "लाल इकायची नाय. आसू दे दारात."

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मथळा: 'वस्तीचा टँकर सिमेंटवर कुणी ओतवला?' खाली एका ओळीत उत्तर, माझ्या पूर्ण नावासह. गटाची बैठक झाली. सगळ्यांनी वाचलं, खालचंसुद्धा. आणि चळवळीची बदनामी होईल म्हणून छापायचं नाही असं ठरलं. इतक्या वर्षांत एकमतानं झालेला तो एकच ठराव. म्हणून ते पत्रक कुठं वाटलं गेलं नाही. मी ते हातानं लिहिलेलंच घेऊन वस्तीवर गेले आणि सुमनमावशींना वाचून दाखवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मला ठावंच हाय की. मी हुते ना तितं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकला.

मी विचारलं, "नवा ड्रायव्हर कसाय?"

"चालिवतो बरा. थेंब सांडत नाय. पर त्या मुरमाच्या वळनाला मागचं जरासं सरकिवतोच मेला. पोरं तर पोरं, आमी बी हंडे खाली ठेवून बगत ऱ्हातो." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "पर लई उशिरा येतो बग. पत्रक काढायचं आसंल तर त्याच्यावर काढ."